आधी बरा हो, मग नाटक कर?

या आठवड्याचं पत्र सांगली जिल्ह्यातून आलंय. पाठवणाऱ्यानं नाव छापू नका म्हणून विनंती केली आहे. पत्र बरंच मोठं होतं, त्यातला गाभा देते:

«ताई, मी बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून बोलताना अडखळतो. म, प, क हे तर माझे वैरी. स्वतःचं आडनाव सांगताना घाम फुटतो. कॉलेजच्या एकांकिकेत दोन वर्षं लाइट्स करतोय. तालमी बघून बघून अख्खी संहिता पाठ होते आणि खोलीत एकटा असलो की सगळ्यांची वाक्यं म्हणतो, तेव्हा एकदाही अडत नाही. यंदा दिग्दर्शकाला म्हटलं, एखादी छोटी भूमिका द्या. तो म्हणाला, ‘आधी तू नीट बोलायला शीक, मग बघू.’ बाबांचं म्हणणं वेगळंच, की हे खूळ डोक्यातून काढ. एका क्लासची जाहिरात आहे, 21 दिवसांत तोतरेपणा कायमचा घालवण्याची हमी, फी 18 हजार. मध्यंतरी एक रील बघितलं. ‘द लायन किंग’मधल्या मुफासाला ज्याचा आवाज आहे तो अमेरिकन नट लहानपणी तोतरा होता, शाळेत एक कविता म्हटली आणि बरा झाला, असं त्यात होतं. हे खरं आहे का? असेल तर मी पण बरा होईन का? क्लासला पैसे भरू का?»

मित्रा, रीलमधलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं तुझ्यासारख्यांचं नुकसान करणारं आहे, म्हणून आधी त्या माणसाची गोष्ट नीट सांगते. तुझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

त्याचं नाव जेम्स अर्ल जोन्स. जन्म 17 जानेवारी 1931 चा, मिसिसिपी राज्यातल्या अर्काबुटला नावाच्या खेड्यातला. वडील घर सोडून गेलेले, त्यामुळे वाढवलं ते आजोळच्या आजी-आजोबांनी. तो पाचेक वर्षांचा असताना सगळं कुटुंब उत्तरेला मिशिगनमधल्या डब्लिन गावी शेतावर राहायला गेलं. गाव सुटलं, माणसं बदलली आणि पोराचं बोलणं अडखळायला लागलं. पोरं हसायची. मग त्यानं बोलणंच सोडून दिलं. जवळपास आठ वर्षं तो शाळेत मुका असल्यासारखा राहिला. घरच्यांशी कामापुरतं बोलायचा, शेतावरच्या जनावरांशी मात्र मोकळेपणी बोलायचा. शाळेत जे सांगायचं ते लिहून द्यायचा.

हायस्कूलात त्याला डोनाल्ड क्राउच नावाचे शिक्षक भेटले. हा मुलगा कविता लिहितो हे त्यांच्या लक्षात आलं. तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. त्या थंडगार मुलखात सरकारकडून ग्रेपफ्रूटचा पुरवठा झाला होता. आपल्या पपनसाच्या जातकुळीतलं हे फळ ऐन हिवाळ्यात खायला मिळालं याचं त्या पोराला एवढं अप्रूप वाटलं, की त्यानं त्यावर कविता केली, लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या एका दीर्घकवितेच्या ठेक्यावर. क्राउचसरांनी ती वाचली आणि म्हणाले, ही इतकी चांगली आहे की तूच लिहिलीस यावर विश्वास बसणं कठीण. स्वतःची असेल तर वर्गासमोर तोंडपाठ म्हणून दाखव. चोरीचा आळ येतोय म्हटल्यावर पोरगा उभा राहिला आणि सगळी कविता न अडखळता म्हणाला.

रील इथं संपतं. खरी मेहनत त्यानंतर सुरू झाली. क्राउचसरांनी त्याला सोडलं नाही. त्याच्याकडून ते कविता मोठ्यानं वाचून घेत राहिले. त्यांनी त्याला वादविवादाला उभं केलं, वक्तृत्वाला उभं केलं. ती कविता म्हणजे पहिला दिवस होता, आणि असे दिवस पुढे पुष्कळ काढावे लागले. शिवाय ती कविता का जमली हेही बघ. शब्द त्याचे स्वतःचे होते, पाठ होते आणि एका पक्क्या ठेक्यात बांधलेले होते. अडखळणाऱ्या बहुतेकांना गाताना, ठेक्यात म्हणताना, चारचौघांच्या सुरात सूर मिसळून म्हणताना अडत नाही. एकटं असताना तर कित्येकांना अजिबात अडत नाही. तुझ्या खोलीत तुझं जे होतं ते हेच. म्हणून खोलीतल्या त्या संहितेवर फार विसंबू नकोस. समोर माणसं बसली की गणित बदलतं. पण त्यातून एक गोष्ट नक्की कळते, की तुझी जीभ, तुझा घसा, तुझा श्वास यांच्यात काही खोट नाही.

आता ‘बरा झाला’ या शब्दांबद्दल. जोन्स बरा झाला नाही. हे तो स्वतः आयुष्यभर सांगत राहिला. अवघड शब्द समोर दिसला की वळसा घालून दुसरा शब्द निवडायची सवय त्याला शेवटपर्यंत होती. जगातला बहुधा सर्वांत ओळखीचा खर्जातला आवाज ज्याच्याकडे होता, तो मुलाखतीत शब्द तोलून, सावकाश बोलायचा. आपल्याला ते भारदस्तपण वाटायचं. त्यातला काही भाग ही सावधगिरी होती.

एक प्रसंग तुला मुद्दाम सांगते. 1958 साल, न्यूयॉर्कमधलं कोर्ट थिएटर. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्टच्या पोलिओच्या दिवसांवरचं ‘सनराइज ॲट कॅम्पोबेलो’ हे नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, चालू होतं. जोन्स सत्तावीस वर्षांचा, भूमिका घरगड्याची. त्या काळात कृष्णवर्णीय नटाच्या वाट्याला बहुतेक वेळा हेच यायचं. वाक्य काय, तर मालकिणीला वर्दी द्यायची: मिसेस रूझवेल्ट, जेवण तयार आहे. आणि एका प्रयोगात तो ‘मिसेस’मधल्या म वर अडकला. भरल्या प्रेक्षागृहात, इतर नट रंगमंचावर उभे असताना, ओठ मिटलेले आणि शब्द बाहेर यायला तयार नाही. तुला ही अवस्था कशी असते ते मी सांगायला नको.

त्यानंतर तो घरी बसला नाही. 1961 मध्ये ज्याँ जेनेच्या ‘द ब्लॅक्स’ या नाटकात होता. जोसेफ पॅपच्या शेक्सपिअर महोत्सवात तर त्यानं वर्षानुवर्षं कामं केली. पॅप मोकळ्या बागेत फुकट शेक्सपिअर दाखवायचा आणि भूमिका देताना कातडीचा रंग बघायचा नाही. 1964 मध्ये तिथंच ऑथेल्लो, 1973 मध्ये किंग लिअर. मधल्या काळात ‘द ग्रेट व्हाइट होप’ आलं. हॉवर्ड सॅकलरचं हे नाटक जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याच्या आयुष्यावर बेतलेलं. 1967 च्या डिसेंबरात ते वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर उभं राहिलं, पुढच्या वर्षी ब्रॉडवेवर गेलं आणि 1969 मध्ये जोन्सला टोनी हा अमेरिकन रंगभूमीवरचा मोठा पुरस्कार मिळाला. 1970 च्या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकनही आलं. मुख्य भूमिकेसाठी असं नामांकन मिळालेला सिडनी पॉइटिएनंतरचा तो दुसराच कृष्णवर्णीय नट. दुसरं टोनी 1987 मध्ये, ऑगस्ट विल्सनच्या ‘फेन्सेस’मधल्या बापासाठी. ‘स्टार वॉर्स’मधल्या डार्थ व्हेडरचा आवाज त्यानं काही तासांत देऊन टाकला होता आणि पहिल्या दोन भागांत स्वतःचं नावही घालू दिलं नाही. शरीर दुसऱ्या नटाचं, आपण फक्त आवाजापुरते, असं त्याचं म्हणणं. मुफासा खूप पुढचा, 1994 चा.

मला यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की स्टुडिओत आवाज देताना शब्द अडला तर पुन्हा घेता येतो, रंगमंचावर ती सोय नाही. तरी हा माणूस पुन्हा पुन्हा रंगमंचाकडे आला. 2015 मध्ये, 84व्या वर्षी, सिसली टायसनबरोबर तो ब्रॉडवेवर ‘द जिन गेम’ करत होता. दोन माणसांचं नाटक, म्हणजे लपायला जागाच नाही. आणि ज्या कोर्ट थिएटरात तो म वर अडकला होता, त्या थिएटरला 2022 मध्ये त्याचंच नाव दिलं गेलं. दोन वर्षांनी, 9 सप्टेंबर 2024 रोजी, तो गेला. वय 93.

तेव्हा तुझा दिग्दर्शक म्हणतो तो क्रमच चुकलेला आहे. आधी बरा हो आणि मग नाटक कर, हा क्रम जोन्सनं पाळला असता तर आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. अडखळणं आणि अभिनय त्याच्या आयुष्यात शेवटपर्यंत शेजारी शेजारी राहिले. तुझ्याही राहतील असं धरून चाल. पुढे कमी झालं तर आनंदच आहे.

आता 18 हजारांचं. भरू नकोस. अडखळणं बहुतेकांना दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं. त्यामागे मेंदूतल्या बोलण्याच्या जुळवाजुळवीचा आणि अनुवंशाचा भाग असतो. ते घाबरटपणामुळे येत नाही, आई-बापाच्या चुकीमुळे येत नाही आणि 21 दिवसांत कायमचं जातही नाही. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एकाला ते असतं. हमी देणाऱ्या ठिकाणी बहुतेकदा एका विशिष्ट संथ लयीत बोलायला लावतात. क्लासमध्ये जमतं, बाहेर पडल्यावर सुटतं, आणि मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. त्याऐवजी वाचा-उपचार शिकलेल्या, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेल्या स्पीच थेरपिस्टकडे जा. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात विचारलंस तर पत्ता मिळेल. मुंबईला जाणं होत असेल तर वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. चांगला थेरपिस्ट पहिल्याच भेटीत सांगतो की हमी देता येणार नाही. अडण्याच्या क्षणी जबडा, ओठ, श्वास यांच्याशी झटापट कशी कमी करायची आणि अडलो तरी पुढे कसं जायचं हे तो शिकवतो. त्याला आवर्जून सांग की तू नाटक करतोस. शिवाय अडखळणाऱ्यांचे स्वतःचे गट आहेत, ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ त्यांपैकी जुना. तिथं एकदा ऑनलाइन बसून बघ. आपल्यासारखेच अडत अडत बोलणारे दहा जण एकत्र दिसणं हा तुझ्यासाठी नवा अनुभव असेल.

लाइट्सबद्दल तू थोडं कमीपणानं लिहिलं आहेस, ते मला खटकलं. जोन्स मिशिगन विद्यापीठात डॉक्टर व्हायचं म्हणून गेला होता. ते आपलं काम नाही हे कळल्यावर नाटकाकडे वळला. आणि मिशिगनमधल्या मॅनिस्टी गावच्या रॅम्सडेल थिएटरमध्ये पहिल्यांदा कामाला लागला तो 1953 मध्ये, सुतार म्हणून. सेट ठोकायचा. नंतर तिथंच स्टेज मॅनेजर झाला, तिथंच नट झाला आणि नट म्हणून पहिल्याच हंगामात तिथं ऑथेल्लो केला. पडद्यामागे राहिलेल्या माणसाला नाटकाची नाडी कळते. कुठल्या वाक्याला प्रेक्षक हलतो, कुठल्या जागी नट प्रकाशाच्या बाहेर जातो, शांतता किती वेळ ताणली तर चालते, हे तुला आज तुमच्या नायकापेक्षा जास्त ठाऊक असणार. ही दोन वर्षं तुझी शिदोरी आहे. फक्त लाइट्सच्या टेबलाचा आडोसा करू नकोस. तिथं कुणी बोलायला सांगत नाही म्हणून ते सुखाचं वाटायला लागलं असेल, तर ते ओळख.

आता प्रत्यक्ष तालमीतलं. मी हौशी नाटकात पुष्कळदा प्रॉम्प्टिंग केलंय, त्या अनुभवावरून सांगते. नट थांबला की प्रॉम्प्टर पुढचा शब्द टाकतो, ते त्याचं कामच. पण तू अडला असशील आणि विंगेतून तुझाच शब्द कुणी पुटपुटला, तर तू आणखी घट्ट अडकशील, कारण शब्द तुला माहीतच आहे. म्हणून पहिल्याच तालमीला प्रॉम्प्टरशी बोलून ठेव. विसरलास तर एक खूण, समज अंगठा तर्जनीला लावायचा. खूण नसेल तर त्यानं गप्प बसायचं, कितीही वेळ लागो. हेच सहकलाकारांना सांग. तू अडलास की तुझं वाक्य त्यांनी उचलायचं नाही, जमिनीकडे बघायचं नाही, भूमिकेत राहून तुझ्याकडे बघत थांबायचं. रंगमंचावरचा नट थांबायला तयार असला की प्रेक्षकही थांबतो. पात्र विचार करतंय, असं त्याला वाटतं.

एन्ट्रीचा पहिला शब्द सगळ्यांत छळतो. एन्ट्रीला सरळ चालत येऊन थबकून बोलण्यापेक्षा काहीतरी करता करता बोल. चप्पल काढता काढता, पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता. अंगाला हालचाल असली की वाक्याला वाट मिळते. पहिला शब्दच म नं सुरू होत असेल तर लेखकाला विचार, ‘अहो’ किंवा ‘आणि’ आधी टाकलं तर चालेल का. कॉलेजच्या एकांकिकेचा लेखक बहुधा तुमच्यातलाच असतो, ऐकेल. छापील नाटक असेल तर मात्र शब्दाला हात लावू नकोस. तिथं श्वास सोडता सोडता, ओठ हलकेच टेकवून शब्द सुरू करायचा सराव थेरपिस्टबरोबर कर. आणि वाक्यं नुसती पाठ करू नकोस, त्यांचा ठेका शोध. कुठल्या शब्दावर भार आहे, कुठं श्वास आहे, हे पेन्सिलीनं संहितेवर मार. लाइट्सचे क्यू मारतोस तसेच.

बाबांचं म्हणणं मी झटकून टाकणार नाही. त्यांना तुझ्या पोटाची काळजी आहे आणि तू चारचौघांत हसं होऊन परत येशील याचीही. बहुधा दुसरी जास्त, पण ती बोलून दाखवायची आपल्या घरांत पद्धत नाही. जोन्सचे वडील रॉबर्ट अर्ल जोन्स स्वतः नट होते. त्याआधी मुष्टियोद्धा, जो लुईस या प्रसिद्ध मुष्टियोद्ध्याबरोबर सराव केलेले. बाप-लेकांची नीट भेट झाली तीच मुलगा विशीत असताना. आणि त्या बापानंही मुलाला सांगितलं ते हेच, की यावर पोट भरत नाही, करायचं तर आवड म्हणून कर. जोन्स लष्करात अधिकारी होऊन आला होता, ती नोकरी पुढे चालू ठेवता आली असती. ती सोडून तो न्यूयॉर्कला आला, अमेरिकन थिएटर विंग या नाट्यसंस्थेत शिकला आणि पोटासाठी झाडलोटीचं काम केलं. पहिलं टोनी हातात आलं तेव्हा तो 38 वर्षांचा होता. एवढा दम धरायची तयारी किती जणांत असते? म्हणून बी.फार्म. पुरं कर. तू पदवी सोडण्याबद्दल काही लिहिलेलं नाहीस, तरी सांगून ठेवते. बाबांना हेच सांग, की पदवी पुरी करणार आहे, मात्र तालमीला जाणार आहे. आणि प्रयोगाला त्यांना बोलाव. नाही आले तर पुढच्या वर्षी पुन्हा बोलाव.

दिग्दर्शकाकडे परत जायचंय, ते कसं, ते शेवटी सांगते. भूमिका मागू नकोस, वाचनाला बसायची परवानगी माग. त्याला एकटं गाठ, तालमीच्या गडबडीत नको. अडलास तर अडलास, वाक्य पुरं कर: «मी अडखळतो, ते जाणार नाही. मला दोन वाक्यांचं काम असलं तरी चालेल. अडलो तर कुणी काय करायचं, हे मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवेन. प्रयोगाआधी तुम्हाला जमत नाही असं वाटलं तर मला काढा, पण तालीम बघून काढा.» या बोलण्यावर नाही म्हणायला त्याच्याकडे चांगलं कारण उरत नाही. तरीही नाहीच म्हणाला, तर तुमच्या गावात, तालुक्यात हौशी संस्था असतील, राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या. त्यांना माणसांची कायम चणचण असते, त्यात लाइट्स येणारा माणूस तर त्यांना हवाच असतो. आत शीर आणि मग बोल.

वाचनाला स्वतःचा उतारा न्यायला सांगितला तर कुठला न्यावा, असं तू ताजा कलम म्हणून विचारलं आहेस. तोतऱ्या पात्राचा नेऊ नकोस. लोक तुला तेच देऊ बघतील, आणि पहिल्याच पायरीवर तू त्यात अडकशील. ओवी, अभंग किंवा ठसठशीत लय असलेलं गद्य घे, दोन मिनिटांच्या आतलं, आणि ज्या माणसाला त्या क्षणी काहीतरी मिळवायचंच आहे अशा माणसाचं. ते आधी एका मित्रासमोर म्हण, मग दोघांसमोर, मग मेसमधल्या टेबलावर. कुठल्या शब्दावर अडलास ते प्रत्येक वेळी लिहून ठेव आणि तो कागद थेरपिस्टकडे घेऊन जा.